लाल बाटल्याची जागा

इरा, ओजस,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण बोलणार आहे मोरव्याच्या आजीशी, तुमच्या आईच्या आईशी. तुम्ही शेजारी बसून ऐका. कुठे अडलं तर आईला विचारा. तिने वाचल्यावरच हे तुमच्या हातात येईल.

आत्ताच का लिहायला बसले, ते आधी सांगते. मागच्या रविवारी फोनवर इरा म्हणाली, "आजी, मोरव्याची आजी किती क्लम्झी होती ना! तिने अख्खी गाडी जाळली असती." ती हसत म्हणाली, प्रेमाने म्हणाली. गेलेल्या माणसाची आठवण अशीच काढावी. पण मी त्यावर "हं" म्हटलं. फोन ठेवला आणि ते "हं" माझ्या कानातून जाईना. म्हटलं, हे आता या मुलांच्या डोक्यात पक्कं होणार. पुढे ती आपल्या मुलांना सांगतील, आमची एक आजी होती, धांदरट, तिच्या हातून आग लागली.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण जन्मभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, आणि त्या भाषेत स्वतःला कसं झाकायचं हे मला फार चांगलं येतं. शिवाय जिच्याशी बोलायचं तिला समजायला हवं.

हिराबाई,

मी तुम्हाला कायम हिराबाईच म्हटलं आणि तुम्ही मला 'बाई'. साखरपुड्याच्या दिवशीच तुम्ही सगळ्यांसमोर सांगून टाकलंत, "विहीण असल्या तरी मी यांना बाईच म्हननार. शाळेत बाईंचा मार लय खाल्लाय, सवय हाय." माझ्या बहिणी पदरात तोंड लपवून हसल्या. मला मात्र त्या दिवशी तुमचा थोडा राग आला होता. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली होती. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या सोसायटीत तुम्ही जिन्यातूनच हाका मारत वर यायचात, हातात पिशवी, पिशवीतून पाणी ठिबकतंय, आणि मी दार उघडायच्या आधी शेजारी कोण बघतंय ते बघायची. ती लाज वेगळी होती. आज जी वाटते ती वेगळी. त्या लाजेचीच आज लाज वाटते.

गाडीची कल्पना तुमची. तुमच्या यजमानांची वऱ्हाड नेणारी मिनीबस ते गेल्यापासून अंगणात उभी होती. तुम्ही म्हणालात, "पोरं एवढ्या लांबनं येतात आनि फिरायला गेली की हाटेलात झोपतात. त्यापरीस आपलं घरच चाकावर घेऊ. जितं गाडी उभी राहील तितं आजीचं घर." मी म्हटलं, त्याला कॅराव्हॅन म्हणतात. तुम्ही म्हणालात, "म्हनू द्या."

काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये आपण दोघी किती फेऱ्या मारल्या! ट्रकांच्या मधून, तुमच्या भावाच्या, बबनमामांच्या मागे, नाकाला पदर लावून. बाकं झाली, बाकांवर गाद्या, एका कोपऱ्यात दोन बर्नरची शेगडी, खिडक्यांना मी शिवलेले पडदे. मग मी विषय काढला, आग विझवायच्या सिलिंडरचा. हो, मीच काढला. हे मुलांनी नीट ऐकावं. मला माहीत नव्हतं असं नाही. माहिती सगळी माझ्याचकडे होती.

काशीमीऱ्याच्याच एका दुकानात आपण गेलो तेव्हा दुकानदाराने काळ्या भोंग्याचा एक मोठा सिलिंडर पुढे ठेवला. "आंटी, ये लो, एकदम साफ. गॅस निकलता है, कचरा नहीं." कचरा नाही म्हटल्यावर माझं मन लगेच तिकडे गेलं होतं. पण त्याच्यावरचं इंग्रजी मी वाचलं आणि तुम्हाला सांगितलं, की हा वायू बंद जागेत सोडला तर माणसाचाही श्वास कोंडतो, आणि आपली गाडी म्हणजे बंद डबाच.

"म्हंजे आगीसंगं आपून बी मरू," तुम्ही म्हणालात. "भय्या, ये नको. दुसरा दिखाव."

मग पावडरचा घेतला. लाकूड, तेल, वायर, सगळ्याला चालणारा. एक दाराजवळ, एक ड्रायव्हरच्या सीटपाशी. तुम्ही त्याला 'लाल बाटला' म्हणायला लागलात. दुकानदार भिंतीला लावायचा साधा हूक देत होता. तुम्ही हूक हातात घेऊन त्याच्याच तोंडापुढे नाचवलात. "गाडी है ये, भय्या. ब्रेक मारा तो बाटला उडके मेरे भाई के टाळके में!" बबनमामा म्हणाले, "ताई, माजं टाळकं तुज्या बोलन्यानं आधीच फुटलंय." शेवटी पट्टा आणि खटका असलेली लोखंडी पकड मिळाली.

आणि जागा. मी वाचून दाखवलं होतं की शेगडीच्या वर किंवा मागे लावू नये, जाळावरून हात घालावा लागतो. दारापाशी लावावा, म्हणजे तो घेतानाही आपली पाठ बाहेरच्या बाजूला राहते, विझलं नाही तर पळता येतं. हे सगळं मी बाकावर बसून सांगितलं. तुम्ही उठलात, शेगडीपाशी उभ्या राहिलात आणि डोळे मिटलेत.

"असं काय करता?"

"धुरात डोळे उघडे ऱ्हातात का, बाई?"

मिटल्या डोळ्यांनी तुम्ही दाराकडे गेलात, उजवा हात पुढे करून. हात जिथे टेकला तिथे गॅरेजवाल्याला खूण करायला लावलीत. मग मला उठवलंत. मीही डोळे मिटून गेले आणि थेट बबनमामांच्या पोटावर आदळले. आपण तिघेही किती हसलो! गॅरेजातली माणसं काम सोडून बघायला आली. इतकी मोकळी मी फार वर्षांत हसले नव्हते. ते हसू तुमच्यामुळे मिळालं, आणि त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे विहिणी एकमेकींचे मानपान सांभाळतात. आभार मानत नाहीत.

लाल बाटला तिथे महिना-दोन महिने राहिला. मला तो सलत होता. गाडीत पाऊल टाकलं की पहिलं दर्शन त्याचं. मी म्हणायची, घर आहे की सिनेमा थिएटर? तुम्ही म्हणायचात, "देव बी दारातच ऱ्हातो राखनीला." आणि दुसरी गोष्ट चपलांची. आपण दोघी, कितीही भांडलो तरी, एका बाबतीत सारख्या. घरात चपला घालून जाणार नाही. गाडी घर झाली, मग तिच्याही दारात चपला सुटायला लागल्या. तुमच्या चपला नेहमी ओल्या, वाळूने भरलेल्या. पायरीवर ढीग व्हायचा, त्यात एकदा मीच अडखळले. तेव्हा मी ठरवलं की दाराशी चपलांचा स्टँड हवा. आणि स्टँडला दाराशी एकच जागा होती.

माझ्या शाळेतल्या निवृत्त मैत्रिणींना गाडी दाखवायचं ठरलं होतं, किनाऱ्यापर्यंत एक फेरी, चहा, भजी. आदल्या दिवशी तुम्ही बाजारात होतात. मी सुताराला बोलावून बाटला पकडीसकट काढला आणि तिथे स्टँड बसवून घेतला. छान बसला तो. बाटला मी मागच्या बाकाखालच्या पेटीत ठेवला, फडक्यात गुंडाळून, आणि पेटीच्या झाकणावर लेबल चिकटवलं. सुवाच्य अक्षरात, दोन भाषांत. मला वाटलं, आता प्रत्येक वस्तूला तिची जागा मिळाली. तुम्हाला सांगायचं होतं. सकाळी मैत्रिणी आल्या, त्यांचं चहापाणी, कोण कुठे बसणार, यात राहून गेलं.

मैत्रिणींनी स्टँडची तारीफ केली. चपला ओळीने लागल्या होत्या. मागच्या बाकावर गोधड्या, त्यावर सगळ्यांच्या पर्सा, पाण्याच्या बाटल्या.

किनाऱ्याला गाडी लागली. बाकीच्या खाली उतरल्या. तुम्ही भजी तळत होतात. खरं तर तुम्ही बोंबील आणणार होतात, माझ्या मैत्रिणी खात नाहीत म्हणून मी तुम्हाला भजी करायला लावली. तेल तापत ठेवून तुम्ही पीठ कालवत होतात आणि बाहेरून कुणीतरी साखर मागितली. तुम्ही डबा द्यायला वळलात. तेल जास्त तापलं. हे खरं आहे, आणि तुम्ही ते कधी नाकारलं नाहीत. कढईतून जाळ उठला, पडद्याला लागला.

मी मागच्या बाकाच्या टोकाला बसले होते. मी सगळं पाहिलं. तुम्ही ओरडला नाहीत. बर्नर बंद केलात, वळलात, आणि उजवा हात थेट दाराकडे गेला, ठरलेल्या उंचीवर. हात चपलांवर पडला. तुम्ही एक चप्पल उचललीत. ती हातात घेऊन क्षणभर बघत राहिलात. काय झालंय तेच तुम्हाला कळेना.

"बाई, बाटला कुटं हाय?"

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "पेटीत. लेबल लावलंय!"

हिराबाई, त्या धुरात मी तुम्हाला लेबल लावल्याचं सांगितलं.

मी पर्सा खाली टाकायला लागले, गोधड्या ओढायला लागले. झाकण अर्धंच उघडलं. तोपर्यंत तुम्ही जळता पडदा हाताने ओढून खाली पाडला होता आणि पायाखाली तुडवत होतात, अनवाणी. बबनमामांनी पुढच्या सीटपाशी हात घातला. त्यांचा बाटला जागेवर होता, कारण तिकडे माझी नजर गेली नव्हती. खटका, पिन, आणि मग पांढरी पावडर सगळीकडे. भज्यांच्या पिठात, माझ्या साडीवर, ओळीने लावलेल्या चपलांवर. जाळ बसला. तुमचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

दवाखान्यातून परतताना रिक्षात तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात. मला वाटलं आता बोलाल. तुम्हाला शिव्या फार छान देता यायच्या, आणि त्या ऐकायला मी तयार होते. तुम्ही म्हणालात, "चपला दारातच ऱ्हातात, बाई. बाटल्याच्या आधीपासनं ऱ्हातात. मी असते तर मी बी तितंच ठेवल्या असत्या." ते खोटं होतं. तुम्ही ठेवल्या नसत्या. तुम्ही डोळे मिटून जागा शोधली होती.

घरी पोचल्यावर सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. तुमची मुलगी, माझी सून. तिने पट्टी पाहिली आणि ती फुटलीच.

"आये, तुला किती वेळा सांगितलं गॅस मोठा ठेवू नको! तुझं लक्ष कुठे असतं? सगळं कसं घाईघाईत, धसमुसळं! आणि या गाडीत तू माझी मुलं झोपवणार होतीस?"

तुम्ही म्हणालात, "व्हय, तेल जास्त तापलं."

मग सुजाता मला म्हणाली, "आई, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मी तुमच्या शेजारी बसले होते. तुमचा भाजलेला हात माझ्या मांडीजवळ होता. तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "जाऊ दे सुजाता, झालं ते झालं. नको बोलूस त्यांना."

मी तुम्हाला माफ केलं, हिराबाई. माझ्या चुकीबद्दल, तुमच्याच घरात बसून, तुमच्या मुलीसमोर, मोठ्या मनाने. गप्प राहिले असते तरी इतकं वाईट झालं नसतं.

आणि सुजाताला ते इतक्या सहज पटलं, माझ्या मुलालाही पटलं, याचं कारण मला ठाऊक आहे. आमच्या घरात अशी चूक माझ्याकडून होईल असं कुणाच्या मनातही येत नाही. माझे डबे ओळीने असतात. तुमचा आवाज मोठा होता, तुमच्या पिशवीतून पाणी ठिबकायचं, तुमची शाळा चौथीत सुटली होती. तेवढ्यावर निकाल लागला. मी जन्मभर वर्गात मुलांना सांगत आले की पुरावा पाहा, मग ठरवा. त्या दिवशी पुरावा माझ्याकडे होता आणि मी तो दडवून ठेवला.

फोन झाल्यावर मी म्हटलं, मी तिला सांगते. तुम्ही म्हणालात, "आता नको. तुमच्यावर तिचा भरवसा हाय. तो बी उडाला तर पोरं कुनाकडं राहतील? हाटेलात?" मी म्हटलं, हे बरोबर नाही. तुम्ही म्हणालात, "पोरं येऊन जाऊ देत, मंग सांगा." यावर आपण नंतरही दोनदा भांडलो. दोन्ही वेळा मी हरले. माझ्यासारखी बाई वादात इतक्या लवकर हरते का? मला हरायचंच होतं. तुमच्या चांगुलपणाआड मला आयती जागा मिळाली होती.

डिसेंबरात मुलं आली. तुम्ही गाडी पुन्हा सजवली होती, नवा पडदा, काळी झालेली भिंत रंगवलेली, आणि दाराशी लाल बाटला, तुमच्या हाताच्या उंचीवर. स्टँड तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्याला जोडला होता. सुजाताने मुलांना गाडीतून जाऊ दिलं नाही. वायरिंग खराब आहे असं तेव्हा सांगितलं त्यांना; आगीचं त्यांना नंतर कळलं. मोरव्याला एकेक दिवस जेवायला यायची ती मुलं, तीही आईबरोबर, आणि अंधार पडायच्या आत परत माझ्याकडे. ओजस, तुला आठवतं, तू म्हणालास, मला मोरव्याला झोपायचंय? तुझी आई "नाही" म्हणाली आणि मी तुझी चादर घातली, माझ्याच घरात, नीट ताणून. तुम्हाला दोघांना कुशीत घेऊन झोपले. ते सुख मी घेतलं. ते अर्धं तुमच्या मोरव्याच्या आजीचं होतं.

एकदा मात्र, हिराबाई, उभ्या गाडीत तुम्ही ओजसला खांद्याएवढा उचलून बाटल्यावरचा काटा दाखवत होतात. "सांग, काटा कुटं हाय?"

"ग्रीनमध्ये!"

"मंग बाटल्याची तब्येत बरी हाय. लालमदी गेला तर?"

"डॉक्टर!"

"डागदर न्हाय रं, काशीमीरा!"

सुजाता पायरीवर बसून लक्ष ठेवत होती. तीही हसली. पण उठून आत आली नाही.

मुलं परत गेली. तुम्ही सांगितलेली वेळ आली. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग म्हटलं, प्रत्यक्ष येईल तेव्हा, असलं फोनवर नको. मग तुम्ही गेलात, जेवून उठता उठता, भांडी घासायची राहिली असताना. सुजाता आली ती थेट अंगणात बसली आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, मी तिला शेवटपर्यंत त्या गाडीवरून टोचत राहिले. मुलांना एक रात्र तिच्याजवळ दिली नाही." आजूबाजूला तुमच्या भावकीतल्या बायका होत्या. बबनमामा समोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी सुजाताच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "असं मनाला लावून घेऊ नकोस," असं म्हटलं. तेव्हाही तेवढंच म्हटलं.

तुम्ही असता तर म्हणाला असतात, "पुरे, बाई, भजी जळाली, आता काय करता." पण भजी जळाली नव्हती, हिराबाई. एक आख्खा डिसेंबर जळाला. तो तुम्हाला परत देता येत नाही, मुलांना देता येत नाही, सुजाताला तर मुळीच नाही.

इरा, तुझ्या त्या फोननंतर दोन दिवस मी टाळलं. काल दुपारी सुजाताला फोन केला आणि सगळं सांगितलं. स्टँड, पेटी, लेबल, रिक्षातलं बोलणं. मी म्हटलं, "सुजाता, ऐकते आहेस ना?"

"ऐकतेय."

मग बराच वेळ नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला. शेवटी ती म्हणाली, "तिला माहीत होतं तुम्ही सांगणार नाही म्हणून?"

मी म्हटलं, "त्यांना वाटत होतं मी सांगेन."

"मग तिचं तेही चुकलंच," सुजाता म्हणाली. "आई, मी आता काही दिवस फोन करणार नाही. मुलं करतील. मी नाही." आणि तिने ठेवला.

मी तिला दोष देत नाही. हे वाचून झाल्यावर तिने मुलांना द्यावं की नाही, हेही तिनेच ठरवावं.

आज सकाळी मोरव्याला जाऊन आले. बबनमामांना म्हटलं, सुजाताला सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंत." चहा मात्र विचारला नाही.

गाडी अंगणात आहे. इंजिन अजून पहिल्या झटक्यात सुरू होतं. दोन्ही बाटले भरलेले आहेत. सुजाताचा राग आहे, आणि तो आता माझ्यावर आहे.